पोटावरची जखम भरली, आतली भरली का? वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे काही प्रश्न

प्रश्न : स्लीव्ह शस्त्रक्रियेला आठ दिवस झाले. पोटावरच्या जखमा कोरड्या आहेत, पण कालपासून नाडी १२० च्या वर आहे आणि डावा खांदा दुखतो. पुढच्या तपासणीपर्यंत थांबावे का?

थांबू नये. आजच आपल्या शल्यचिकित्सकांशी संपर्क साधावा आणि तो झाला नाही, तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. या शस्त्रक्रियेत जठराचा बराच मोठा भाग काढून उरलेल्या नळीची लांब कड स्टेपलच्या पिनांनी बंद केलेली असते. त्वचेवरचे छेद लहान असल्याने लवकर मिटतात. आतली कड मात्र सुरुवातीचे काही दिवस जवळजवळ पिनांच्याच आधारावर टिकून असते, कारण जखमेच्या कडेचे जुने कोलॅजन आधी विरघळते आणि नवे तयार व्हायला वेळ लागतो. त्यामुळे बाहेरच्या जखमेवरून आतल्या जखमेचा अंदाज बांधता येत नाही. या काळात कड उसवली, आणि बहुतेकदा ती अन्ननलिका जठराला मिळते त्या जागेजवळच उसवते, तर जठरातला द्रव पोटाच्या पोकळीत झिरपतो. ही गळती क्वचित होते, पण झाल्यास जिवावर बेतू शकते.

लठ्ठ रुग्णाचे पोट हाताला कडक लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्याआधी नाडी वाढते. ताप नसला तरी विश्रांतीत टिकून राहणारी जलद नाडी गंभीरच मानावी. शस्त्रक्रियेच्या वेळी दुर्बिणीने पाहता यावे म्हणून पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दुखतो हे खरे, परंतु ते दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरते. आठव्या दिवशी नव्याने सुरू झालेल्या दुखण्याला ते कारण लागू पडत नाही. सीटी स्कॅन निर्दोष आला तरी गळतीची शक्यता पूर्णपणे संपत नाही, म्हणून शंका दाट असल्यास शल्यचिकित्सक पुन्हा दुर्बीण घालून पाहतात. अशा वेळी ‘रिपोर्ट तर चांगला आहे’ असा वाद घालू नये. फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळीही अशीच नाडी वाढवते. दम लागत असल्यास किंवा एका पायाला सूज असल्यास तेही सांगावे.

प्रश्न : जठराची बायपास शस्त्रक्रिया होऊन महिना झाला. तीन आठवडे रोज उलट्या होत आहेत. शरीर नव्या जठराला सरावेल, असे घरचे म्हणतात.

घाईने किंवा नीट न चावता खाल्ल्यामुळे एखादी उलटी होणे समजण्यासारखे आहे. तीन आठवडे रोज होणे नाही. बायपासमध्ये जठराचा छोटा कप्पा करून तो थेट आतड्याला जोडतात. ही जोडलेली जागा आकसली असेल, तर एंडोस्कोपी करून ती फुग्याने रुंद करता येते. पण माझी मोठी काळजी वेगळी आहे. थायमिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा, शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. त्यानंतर डोळ्यांपुढे दोन-दोन प्रतिमा दिसणे, चालताना तोल जाणे, गोंधळलेपणा अशी लक्षणे सुरू होतात आणि उपचारांना उशीर झाल्यास मेंदूची हानी कायमची राहू शकते. गोळी उलटीतून पडून जाणार असल्याने थायमिन शिरेतून द्यावे लागते, आणि तेही ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी, कारण ग्लुकोज वापरताना शरीर उरलेसुरले थायमिनही खर्च करते. आपल्या शस्त्रक्रियेची माहिती नसलेल्या दवाखान्यात जावे लागले, तर बायपास झाल्याचे आणि उलट्या किती दिवसांच्या आहेत हे सर्वांत आधी सांगावे.

प्रश्न : चौथ्या महिन्यात केस फार गळत आहेत. काही बिघडले आहे का?

बहुधा नाही. झपाट्याने वजन उतरल्यावर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात आणि पुढे परत येतात. रोजची प्रथिने किमान ६० ग्रॅम होतात का ते पाहावे आणि लोह तपासून घ्यावे. महागड्या तेलांवर खर्च करू नये.

प्रश्न : बायपासला दोन वर्षे झाली, वजन उत्तम उतरले. अधूनमधून पोटात जोराची कळ येते आणि आपोआप थांबते. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेतो.

येथे दोन शक्यता आहेत आणि दोन्ही दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. बायपासमध्ये आतड्यांची मांडणी बदलताना त्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यात फटी राहतात. त्या शिवल्या असल्या तरी वजन उतरून तिथली चरबी झडली की पुन्हा रुंदावू शकतात. त्यांत आतडे शिरते आणि निसटते, म्हणून कळ येते आणि जाते. ते अडकून पडले, तर काही तासांत त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. कळ नसताना केलेला स्कॅन अनेकदा निर्दोष येतो. त्यामुळे कळ चालू असतानाच रुग्णालयात पोहोचावे.

दुसरी शक्यता जठर आणि आतड्याच्या जोडाजवळच्या अल्सरची, म्हणजे आतल्या व्रणाची. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या आणि धूम्रपान ही त्याची दोन मोठी कारणे आहेत. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूंचा संसर्गही पाहावा लागतो. असा अल्सर फुटूही शकतो. बायपासनंतर या गोळ्या टाळायच्याच असतात, आणि त्या पोट भरल्यावर घेतल्याने धोका जात नाही. गुडघ्यांसाठी सध्या पॅरासिटामॉल आणि व्यायामोपचार यांवर भागवावे, आणि अल्सर आहे का हे एंडोस्कोपी करून पाहून घ्यावे.