दिल्ली–कोलकाता जाऊन-येऊन

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे, गणित-फिजिक्स दोन्ही आहेत. रात्री कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर लावतो. विमान उडवण्यापेक्षा वारा किती, इंधन किती, याचीच आकडेमोड जास्त. पायलट व्हायचं म्हणतो. शेत गहाण ठेवून फी भरू का? – एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. सातबाऱ्याला तूर्त हात लावू नका. 'उडवण्यापेक्षा आकडेमोडच जास्त' हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं.

त्याला एक गणित घाला. दिल्ली–कोलकाता अंतर 720 नॉटिकल मैल धरा, विमानाचा वेग 450 नॉट, म्हणजे तासाला 450 नॉटिकल मैल. जानेवारीत उत्तर भारतावर वरच्या थरात पश्चिमेचा जोरदार वारा असतो. तो 90 नॉट धरू. जाताना 80 मिनिटं, येताना 120. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून 192 मिनिटं लागली असती, आता 200. जाताना कमावलेलं येताना फिटतं, असं बहुतेक मुलं ठोकून देतात. ते फिटत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं. ए-320 हे प्रवासी विमान तासाला साधारण 2400 किलो इंधन पितं, म्हणजे जाण्यापेक्षा परतीला सुमारे 1600 किलो जादा. शिवाय जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाण्याचं (टॅक्सी), वाटेत लागणाऱ्या इंधनावर साधारण 5 टक्के राखीव, पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि शेवटी 30 मिनिटं घिरट्या घालण्याइतकं. सगळंच ठासून भरावं तर ते वजन वाहायलाही इंधन जळतं.

सिमब्रीफसारखी साइट हे आयतं काढून देते. ती बंद करून त्याला कागदावर मांडू दे, आणि तुम्हाला समजावू दे. त्यात रमला तर विमान कंपन्यांत हेच काम रोज करणारा माणूस असतो : फ्लाइट डिस्पॅचर. जमिनीवरची नोकरी, डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता लागते. काम कारकुनी समजू नका. 1983 मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग 767 मध्ये इंधन भरताना किलोऐवजी पौंडांचा हिशेब धरला गेला आणि इंधन संपून दोन्ही इंजिनं हवेतच बंद पडली. वैमानिकांनी ते कॅनडातल्याच गिमली गावाजवळ तरंगत उतरवलं, म्हणून सगळे वाचले.

हवामानातच गोडी निघाली, तर बीएस्सीनंतर पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचा विभाग आहे. फिजिक्स-गणित घेऊन बीएस्सी झालेल्यांना एअर ट्रॅफिक कंट्रोलची परीक्षाही देता येते.

आणि पायलटच व्हायचं ठरलं, तर व्यावसायिक परवान्याला 200 तासांचं उड्डाण लागतं. घरच्या सिम्युलेटरचा एक तासही त्यात धरत नाहीत. त्यामुळे फीचा पहिला हप्ता भरण्याआधी डीजीसीएच्या डॉक्टरांकडून मेडिकल करून घ्या. रंग ओळखण्यात दोष निघाला तर तो तेव्हाच कळलेला बरा, शेत गहाण पडल्यावर नको.