कोस्टा रिकातल्या मोंतेवेर्देची झिपलाइन आमच्या साठीच्या आई-बाबांना झेपेल का?

झेपेल की! गुडघे आणि पाठ धड असली म्हणजे झालं. केबलवरून कप्पीला लटकत सरकायचं असतं, पण सगळा भार हार्नेसवर, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांवर असतो, त्यामुळे हात दमत नाहीत. दमवतात त्या मचाणांच्या पायऱ्या आणि मधली ओली पायवाट. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल, तर मात्र इथूनच डॉक्टरांना विचारून निघा.

तुम्ही कोल्हापूरचे, म्हणजे पावसाळ्यातला गगनबावडा पाहिलेला असणारच. मोंतेवेर्देला साधारण १४०० मीटर उंचीवर वर्षातले बरेच दिवस तसंच धुकं असतं. फांद्यांवर शेवाळ आणि ऑर्किड. डिसेंबर ते एप्रिल पाऊस कमी, पण सुरुवातीच्या महिन्यांत वारा जाम असतो, तेव्हा विंडचीटर घ्याच.

सुटताना मागं रेलायचं, गुडघे वर घेऊन पाय एकमेकांत अडकवायचे. काही ठिकाणी ब्रेक आपणच लावायचा असतो: जाड चामडी हातमोज्याचा तळवा केबलवर कप्पीच्या मागं दाबायचा. पुढं हात गेला तर बोटं चिरडतील, हे आईंना दोनदा सांगा. लवकर ब्रेक लावला की माणूस मध्येच लोंबकळतो. मग गाइड येऊन ओढून नेतो, घाबरायचं कारण नाही.

आईंची ओढणी आणि बाबांची कोल्हापुरी हॉटेलवरच राहू दे, बूट हवेत. राजधानी सान होसेहून गाडीनं तीन-चार तास लागतात, म्हणून आदल्या रात्री वर मुक्काम करा आणि सकाळचा स्लॉट घ्या. वजनाची मर्यादा बुकिंगआधी विचारा.