बेचाळीस सांगितले, चोवीस लिहिले : तिसरीतल्या मुलाच्या आईला उत्तर

प्रश्न : आम्ही नाशिकला सातपूरला राहतो. माझे मिस्टर कंपनीत फिटर आहेत, त्यांना तिन्ही पाळ्या असतात. मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आणि घरी ब्लाउज शिवण्याचे, फॉल-पिकोचे काम करते. मुलगा सेमी-इंग्रजी शाळेत तिसरीत आहे. बोलायला हुशार आहे, पण वाचताना जोडाक्षरावर अडतो आणि शाब्दिक उदाहरणे त्याला सुटत नाहीत. परवा वडिलांनी बेचाळीस लिहायला सांगितले, त्याने 24 लिहिले आणि मार खाल्ला. रोज दोन तास मी त्याला घेऊन बसते, शेवट रडण्यात होतो. वर्गाच्या बाई घरी शिकवणी घेतात, त्यांनी पाठवा म्हणून सुचवले आहे. एका ठिकाणी बोटांचे ठसे घेऊन मूल पुढे काय होणार ते सांगतात, त्याचे साडेचार हजार रुपये आहेत. नवोदयची तयारी आतापासून करावी का? मला इंग्रजी येत नाही, मग मी त्याचा अभ्यास कसा घेऊ? त्याला इंजिनिअर करायचे आमच्या मनात आहे.
— एक आई

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात सात-आठ प्रश्न आहेत, परंतु उत्तराची सुरुवात मी त्या 24 पासून करतो, कारण ज्या चुकीसाठी तुमच्या मुलाला मार बसला, ती चूक निष्काळजीपणाची नव्हती. त्याने जे ऐकले तेच प्रामाणिकपणे लिहिले होते. ‘बेचाळीस’ हा शब्द सावकाश उच्चारून पाहा. आधी ‘बे’ ऐकू येतो, म्हणजे दोन, आणि मागून ‘चाळीस’ येतो. कानावर पडलेल्या क्रमाने लिहिणारे मूल आधी 2 लिहील आणि नंतर 4. शाळेत मात्र त्याचे गणित इंग्रजीत चालते आणि तिथे ‘फॉर्टी टू’ म्हणताना चाळीस आधी व दोन नंतर, म्हणजे आपण अंकांत लिहितो त्याच क्रमाने बोलले जाते. सकाळी एक क्रम आणि संध्याकाळी त्याच्या उलटा, अशा दुहेरी व्यवहारात आठ वर्षांचे मूल गोंधळले तर नवल नाही. ‘एकोणपन्नास’ तर याहून अवघड, कारण त्यात पन्नास ऐकू येतो आणि लिहायचा असतो चार. त्याला एकदा एकोणपन्नास लिहायला सांगा. त्याने 59 लिहिले तर रागावू नका, तो कुठे अडतो आहे ते तुम्हाला नेमके कळले असे समजा.

ही अडचण एकट्या तुमच्या घरची नाही. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असे संख्यावाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर त्याची थट्टा झाली आणि विधिमंडळातही तो विषय गाजला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते : मराठी संख्यानामे मुलांना जड जातात, कानडी-तेलुगूसारख्या भाषांत दशक आधी बोलला जातो, तेव्हा सुरुवातीला मुलांना तो आधार द्यावा. त्रेसष्ट हा शब्द भाषेतून घालवावा असे मलाही वाटत नाही, परंतु अडचण खरी होती आणि थट्टा करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी एखाद्या मुलाची वही उघडून पाहिली असेल, असे माझे मत आहे.

आता यावर घरी काय करता येईल? तुमच्या हाताशी असे एक साधन आहे की ते पाहून एखाद्या शिक्षकालाही हेवा वाटावा. तुमची मापाची टेप एका बाजूने साठ इंचांची असते. मशीनवर काम करता करता तुम्ही ‘अडतीस’ म्हणा आणि त्याने टेपवर बोट ठेवावे. तीस आणि चाळीस यांच्यामध्ये, चाळीसच्या अगदी अलीकडे, अडतीस कुठे बसतो हे एकदा बोटाला कळले की 83 लिहिण्याची चूक पुष्कळशी आपोआप कमी होते, कारण ब्याऐंशी-त्र्याऐंशी टेपवर नसतातच. एकोणपन्नास हा पन्नासच्या एक घर अलीकडे असतो, हेही तिथे दिसते; ‘एकोण’ म्हणजे एक उणे, हे वेगळे शिकवावे लागत नाही. मग त्याला तुमच्या मापाच्या वहीचा लेखनिक करा. छाती छत्तीस, कंबर तीस, उंची साडेचौदा, बाही सव्वानऊ अशी मापे तुम्ही सांगा आणि त्याने लिहून घ्यावीत. (गिऱ्हाइकाचे खरे माप तुम्ही अर्थातच पुन्हा तपासाल.) पाव, सव्वा, पाऊण, पावणेपंधरा हे शब्द ज्याच्या कानावर टेपसकट पडले आहेत, त्याला पुढच्या इयत्तांत अपूर्णांक आले म्हणजे ते परके वाटत नाहीत. सातवी-आठवीतही पावणेदोन म्हणजे किती हे न सांगता येणारी मुले माझ्याकडे येतात आणि त्यांच्या घरी फी भरून लावलेल्या शिकवण्यांची कमतरता नसते.

हातच्याच्या वजाबाकीचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, तरी तिसरीत ती अडतेच, म्हणून सांगून ठेवतो. दहा-दहा बटणे दोऱ्यात ओवून चार-पाच माळा करा आणि काही बटणे सुटी ठेवा. बेचाळीस म्हणजे चार माळा व दोन सुटी बटणे. त्यातून सतरा द्यायची म्हटली की सुट्या दोनांतून सात देता येत नाहीत, हे त्याला डोळ्यांनी दिसते, आणि मग तो आपणहून एक माळ सोडतो. वहीत चारावर काट मारून तीन लिहिणे आणि दोनाच्या डोक्यावर एक ठेवणे हे त्या सोडलेल्या माळेचेच चित्र आहे. माळ सोडण्यापूर्वी काट मारायला शिकवले की मूल काट बरोबर मारते आणि उत्तर चुकवते.

शाब्दिक उदाहरणांचा प्रश्न माझ्या समजुतीप्रमाणे गणिताचा नाही, वाचनाचा आहे. सेमी-इंग्रजीतल्या मुलापुढे ‘हाऊ मेनी आर लेफ्ट’ असा प्रश्न आला की ‘लेफ्ट’चा अर्थ तो ‘डावा’ असा लावतो, कारण त्याला तोच शिकवलेला असतो. उरलेले, एकूण, प्रत्येकी, जास्त, कमी अशा अर्थाचे दहा-बारा इंग्रजी शब्द गणितात पुन्हा पुन्हा येतात. ते शाळेतल्या बाईंकडून एका कागदावर लिहून घ्या आणि मराठी अर्थासह मशीनसमोरच्या भिंतीवर लावा. बालभारतीच्या संकेतस्थळावर मराठी माध्यमाचे गणिताचे पुस्तक विनामूल्य मिळते, ते मोबाईलवर उतरवून ठेवा. शाळेत राज्य मंडळाची पुस्तके असतील तर धडा तोच असतो. आधी मराठीत वाचावे, गोष्ट सांगावी तसे तोंडी सांगावे, बटणे मांडून करून पाहावे आणि त्यानंतर इंग्रजी पुस्तक उघडावे. तुम्हाला इंग्रजी येत नाही याचा यात कुठेही अडसर येत नाही. उलट मोडके इंग्रजी घरात आणण्याचा प्रयत्न करू नये, अशी माझी विनंती आहे. ज्या भाषेत तुम्ही अडखळत नाही, ज्या भाषेत तुम्हाला विनोद सुचतो आणि रागही नीट समजावून सांगता येतो, तीच भाषा घरी हवी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण असावे असे म्हटले आहे, ते उगाच नाही.

तो जोडाक्षरांवर अडतो म्हणजे नेमका कुठे अडतो, ते दोन दिवस कान देऊन ऐका. बहुतेक मुलांना ‘र’ छळतो. ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘ट्रक’ आणि ‘सुऱ्या’ या चार शब्दांत एकच र चार निराळ्या रूपांत येतो, आणि सूर्यातला रफार तर बसतो य च्या डोक्यावर पण उच्चारायचा असतो य च्या आधी. असे शब्द त्याच्याच धड्यातून वेचून रोज चार-पाचच घ्यावेत. बाकीचा वेळ सलग वाचनाचा. तुम्ही हातशिलाई करत असताना त्याने पंधरा-वीस मिनिटे मोठ्याने वाचावे. तुमचे हात गुंतलेले असले तरी चालतील, कान मोकळे हवेत. प्रत्येक चुकीला थांबवू नका, अर्थ बिघडला तरच थांबवा. पान संपल्यावर ‘काय समजले?’ असा परीक्षेतला प्रश्न विचारण्याऐवजी ‘आता पुढे हा काय करेल असे तुला वाटते?’ असे विचारा. जो मुलगा यावर वाद घालतो, त्याला समजलेले असते.

वाचायला काय द्यावे, यासाठी खर्चाची गरज नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंकही मोबाईलवर वाचता येतात. नाशिकला 1840 साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे. आठवड्यातून एकदा त्याला बसने तिकडे घेऊन जा आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या, मग ते तुमच्या मते फारच सोपे असले तरी.

दोन तासांची बैठक मात्र कृपया बंद करा. केंद्र सरकारच्या 2020 च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नसावा आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास असावा, असे सांगितले आहे. तुमच्याकडे आठवड्याचे दोन तास रोजच होत आहेत. वीस मिनिटे वाचन, पंधरा मिनिटे टेप किंवा बटणे आणि शाळेने दिलेला गृहपाठ, यापलीकडे काही नको. संध्याकाळी त्याला खेळायला सोडा.

मुलाच्या वडिलांसाठी दोन ओळी लिहितो, त्या त्यांना वाचून दाखवाव्यात. पाळी करून आलेला माणूस दमलेला असतो आणि आपल्यावर आली ती वेळ मुलावर येऊ नये या काळजीपोटी त्याचा हात उठतो, हे मी समजू शकतो. परंतु पाढे म्हणताना ज्याचे लक्ष बापाच्या हाताकडे असते, त्याचे लक्ष पाढ्याकडे राहत नाही. पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळ तुमची असते, त्या आठवड्यात त्याला तुमच्या कामाबद्दल सांगा. व्हर्निअर कॅलिपरने काय मोजतात, नटाला कोणता पाना लागतो, एखादा भाग का नापास होतो, हे त्याला कागदावर काढून दाखवा. तुम्हाला तो इंजिनिअर व्हावा असे वाटते, आणि यंत्राशी रोज बोलणारा माणूस त्याच्या घरातच आहे. तीसपर्यंतच्या पाढ्यांची घाई नसावी. दहापर्यंतचे अर्थासह आले आणि सात आठे छप्पन विसरला तर सात साते एकोणपन्नासमध्ये सात मिळवून त्याला ते शोधता आले, तर मला ते अधिक मोलाचे वाटेल.

आता पैशांचे प्रश्न. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी किंवा करिअर सांगण्याला शास्त्रीय आधार नाही. हे साडेचार हजार वाचवा. मी स्वतः कल चाचण्या घेतो, पण आठ वर्षांच्या मुलाची घेत नाही, कारण या वयात आवड महिन्याला बदलते आणि ती बदललीच पाहिजे. अबॅकसच्या, म्हणजे मण्यांच्या चौकटीवर हिशेब शिकवणाऱ्या वर्गांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगून ठेवतो : त्याने तोंडी हिशेबाचा वेग वाढतो, शाब्दिक उदाहरण समजत नाही. हौस असेल तर पुढे पाहू. वर्गाच्या बाईंच्या शिकवणीबाबत तुम्ही संकोचला आहात असे पत्रावरून दिसते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नुसार शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. हे त्यांना सुनावण्याची गरज नाही. ‘सध्या घरीच करून घेते, तो वर्गात कुठे मागे पडतो ते तेवढे सांगा’ असे नम्रपणे म्हणावे. त्या सांगतील ते तुमच्या उपयोगाचेच असेल.

नवोदयची निवड परीक्षा पाचवीत असताना देतात. दोन तासांत 80 प्रश्न, त्यांतले 40 बौद्धिक क्षमतेचे, 20 अंकगणिताचे आणि 20 भाषेचे, आणि भाषेचे प्रश्न उताऱ्यांवर असतात. परीक्षा मराठीतूनही देता येते. जिल्ह्यातील किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात, तेव्हा सातपूरला शहरात राहून चुरस अधिक राहील हे ध्यानात घ्यावे. तिसरीत त्यासाठी सराव प्रश्नसंच आणू नका. उतारा वाचून कळणे हीच सध्याची तयारी, आणि ती तुम्ही मशीनजवळ बसून करून घेणारच आहात.

एक गोष्ट आधी करा : त्याचे डोळे तपासून घ्या, फळ्यावरचे दिसते का ते पाहा, आणि कानही. त्यानंतर तीन-चार महिने वर सांगितल्याप्रमाणे मारझोड न करता चालू ठेवा. एवढे करूनही तो साधी अक्षरे उलटसुलट वाचत असेल, ओळ हरवत असेल, आज आलेला शब्द उद्या अनोळखी होत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी लागेल. ही अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे आणि तसे निदान झाल्यास शाळेत व परीक्षेत सवलती मिळतात. तुमच्या वर्णनावरून मला तशी शंका आज येत नाही, कारण बोलण्यात हुशार, जोडाक्षरावर अडणारी, दोन भाषांत गोंधळलेली मुले तिसरीत पुष्कळ असतात. तरी दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याच्या वहीचे एक पान आणि त्याने लिहिलेले मापाच्या वहीचे एक पान, अशी दोन्ही मला पाठवा.