आजार केव्हापासून, हे नीट विचार

प्रिय,

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत तू आता केस हिस्टरी घ्यायला बसणार, म्हणून सायकोसिसच्या, म्हणजे भास आणि खोटा पण पक्का संशय यांच्या आजाराच्या, रुग्णाबाबत एकाच रकान्याविषयी लिहितो: "आजार केव्हापासून?"

नातेवाईक बहुधा म्हणतात, "आठ दिवस झाले." ते आठ दिवस आरडाओरड्याचे असतात, आजाराचे नव्हेत. सणावारांच्या खुणा धरून मागे जा. गणपतीत मुलगा आरतीला बाहेर यायचा का? मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी कधी लावली? आईच्या हातचं खायचं कधी सोडलं, आणि कारण काय सांगायचा? एकटं राहणं, झोप उडणं, अभ्यास घसरणं ही पूर्वलक्षणं झाली. ती वेगळी लिही. कुणी नसताना आवाज ऐकू येणं किंवा कितीही समजावलं तरी न ढळणारा संशय आठवडाभर टिकला, ती आजाराची तारीख. तिथून औषध नेमाने सुरू होईपर्यंतचा काळ उपचाराविना गेला. मध्ये आणखी एक तारीख हवी: घरच्यांनी पहिल्यांदा मदत कुणाकडे मागितली, भगताकडे की फॅमिली डॉक्टरकडे? उशीर घरात झाला की आपल्या यंत्रणेत, हे त्यावरूनच कळतं.

हा काळ लांबला की औषधाचा गुण कमी येतो, आणि भास ओसरल्यावरही निरुत्साह मागे उरतो. मुळात हळूहळू येणारा आजारच उशिरा लक्षात येतो, त्यामुळे सगळा दोष उशिराला देता येत नाही. पण त्या काळात बुडालेलं कॉलेज, तुटलेले मित्र आणि आत्महत्येचा धोका यांना हा वाद लागू नाही.

नॉर्वेत स्टॅव्हँगर भागात १९९७ पासून वर्तमानपत्रं, रेडिओ, सिनेमागृहांतून लक्षणांची माहिती दिली. कुणीही थेट फोन करावा असं तपासणी पथकही ठेवलं. उपचाराविना जाणारा काळ २६ आठवड्यांवरून ५ वर आला. पुढे जाहिराती थांबल्या, पथक मात्र तसंच राहिलं. तरी तो १५ आठवड्यांवर चढला. मानसिक आरोग्य सप्ताहात एक फलक लावून फोटो काढणाऱ्यांना हे जरूर ऐकव.

पहिल्या भेटीत "पुढच्या महिन्यात या" म्हणू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. ताप, फिट किंवा वेळ-जागेचं भान सुटलेलं असेल तर आधी कॅज्युअल्टी. गांजाबद्दल घरच्यांना बाहेर बसवून विचार. वजन, बीपी, साखर, थायरॉईड औषधाच्या सुरुवातीलाच नोंदलं पाहिजे, नाहीतर पुढे वाढलेलं वजन कशामुळे ते सांगता येत नाही. भगताशी वाद घालू नकोस. "अंगारा लावा, गोळीही द्या" एवढं पुरे.

सुरू झालेलं औषध कधी कधी पहिल्या काही दिवसांतच सुटतं. औषधाने मान वाकडी होते, जबडा आखडतो, एका जागी बसवत नाही. घरच्यांना वाटतं, गोळीनेच बिघडलं. हे होऊ शकतं आणि त्यावर उपाय आहे, हे आधीच सांगून ठेव. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी स्वतः फोन कर. केसपेपरच्या मागे टेलिमानसचा, म्हणजे दिवसरात्र चालणाऱ्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ हा नंबर ठळक लिही. बिघडतं ते रात्री, आणि ओपीडी तेव्हा बंद असते.

तुझा,
एक जुना सहकारी