डीपीशेजारी भरतीचा तक्ता ठेव

चि. भाचीबाईस मामाचे अनेक आशीर्वाद.

नवी मुंबईत नगररचनेच्या कामाला लागलीस, बरं वाटलं. हे शहर कोऱ्या कागदावर आखलंय, असं तुला एव्हाना कुणीतरी सांगितलं असेलच. ते मनावर घेऊ नकोस. १९७० मध्ये हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन प्रकल्पात आली. तिथे भातशेती होती, मिठागरं होती, मासेमारी होती आणि खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावकऱ्यांनी घातलेले बांध होते. बांधांना उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची दारं असत. ओहोटीला उघडायच्या, भरतीला बंद.

सिडकोच्या इंजिनिअरांनीही मोठ्या प्रमाणावर तेच केलं. वाशी, कोपरखैरणे, बेलापूर या पट्ट्यातले कितीतरी सेक्टर मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. सगळीकडे भराव टाकणं परवडणारं नव्हतं, म्हणून डच लोकांच्या धर्तीवर खाडीकाठी होल्डिंग पॉण्ड, म्हणजे पाणी साठवायचे तलाव बांधले. पावसाळी गटारांचं पाणी आधी तिथे येतं. खाडीला भरती असली की झडपा आपोआप मिटतात, पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की बाहेरच्या पाण्याचा दाब कमी होतो, झडपा उघडतात आणि पाणी निघून जातं. पंप नाही, वीज नाही. मला ही रचना आजही फार आवडते. पण ती चालण्यासाठी तलावात जागा रिकामी लागते, आणि तिथेच घोडं अडतं. गाळ साचतो, गाळावर खारफुटी उगवते, आणि खारफुटी तोडायला उच्च न्यायालयाची बंदी आहे. बंदी योग्यच आहे, ती नसती तर काठावर काय उभं राहिलं असतं ते सांगायला नको. मात्र तलाव उथळ होत गेला की मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी रस्त्यावर थांबतं. मग लोक पालिकेला शिव्या देतात आणि वर्तमानपत्रं ‘नियोजित शहर बुडालं’ असं छापतात.

म्हणून टेबलावर डीपीशेजारी, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याशेजारी, भरतीचा तक्ता ठेव. एक खाचखळगाही सांगून ठेवतो, कारण कॉलेजात हे कुणी सांगत नाही. तक्त्यातली उंची आणि नकाशावरची पातळी एकाच शून्यापासून मोजलेली नसते. मुंबईत नकाशाचं शून्य तक्त्याच्या शून्यापेक्षा सुमारे अडीच मीटर वर आहे. हा फरक वजा न करता कुणी ‘साडेचार मीटरची भरती, आपला रस्ता तर तीन मीटरवर’ असं म्हणायला लागला, तर घाबरू नकोस, आधी हिशेब नीट कर. उलट्या बाजूची चूक, म्हणजे धोका असताना तो नाही असं समजणं, जास्त महाग पडते.

गावठाणांबद्दल थोडं. नकाशावर ती ठिगळांसारखी दिसतात, आणि ऑफिसात त्यांचा उल्लेख ‘अनधिकृत बांधकाम’ एवढाच होतो. भोवतीची शेतं गेली, कुटुंबं वाढली, घरं वर चढली. जानेवारी १९८४ मध्ये घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. हे माहीत नसताना गावातल्या माणसाशी नियम बोलायला जाऊ नकोस. आणि गेलीस तर नियम ऐकवायला नव्हे, तर जुना नाला कुठून वाहायचा ते विचारायला जा. खाडीवर मासेमारी केलेल्या आगरी-कोळी म्हाताऱ्यांना ते तुझ्या सर्व्हे शीटपेक्षा अचूक ठाऊक असतं.

मुंबईचा भार हलका करणं हा नवी मुंबईमागचा मूळ हेतू. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि इंजिनिअर शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये तो मांडला होता. सरकारने प्रकल्प हाती घेतला खरा, पण त्याच सुमारास नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून कार्यालयंही उभी केली. खाडीपूल १९७३ चा, लोकल मात्र वाशीला पोचली १९९२ मध्ये. मधली वर्षं ज्यांनी एसटी आणि बेस्टमध्ये उभ्याने काढली त्यांना विचार.

तुझ्या वाट्याला आता पुनर्विकासाच्या फायली येतील. चार मजल्यांच्या जागी टॉवर, वाढीव एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण), खाली दोन-दोन तळघरं पार्किंगसाठी. गटार मात्र जुन्याच लोकसंख्येच्या हिशेबाचं. विकसकाचा माणूस तुला हिरवी गच्ची आणि सौरपॅनल दाखवेल. तू फक्त तळघराच्या तळाची पातळी, जवळच्या पॉण्डची क्षमता आणि शेवटचा गाळ कधी काढला ते माग. उत्तर लेखी घे. पहिली फाइल आली की मला फोन कर, आपण दोघं मिळून वाचू.

तुझा,
मामा