पडद्यावरचे नाझी आणि चौकटीबाहेरचं तुर्कस्तान

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुर्की सिनेमातल्या नाझींवरचं तुझं टिपण वाचलं. मेहनत दिसते. पण तू गणवेश, स्वस्तिकं आणि क्रूर अधिकारी यांच्यातच अडकली आहेस. त्या पडद्यावर नाझी बहुतेकदा बाहेरून आलेला खलनायक असतो. तो जितका काळा, तितकं घर उजळ दिसतं. तेव्हा घरात, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या तुर्कस्तानात, काय चाललं होतं, ते आधी बघ.

२०१९चा ‘चिचेरो’ हा चित्रपट घे; हे एका हेराचं टोपणनाव. अंकारातल्या ब्रिटिश राजदूताचा नोकर एल्येसा बाझना १९४३-४४मध्ये गुप्त कागदांचे फोटो काढून जर्मन वकिलातीला विकत होता, तेही पैशांसाठी. मिळालेले बरेचसे पाउंड जर्मनांनीच छापलेले, खोटे निघाले. चित्रपटात मात्र तो देशभक्त नायक होतो. इस्तंबुलच्या खास खेळाला तर छळछावणीची सजावट केली होती: काटेरी तारा, कैद्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे आणि त्यासमोर फोटो काढून घेणारे पाहुणे. त्यावर तुर्कस्तानातच संताप उसळला. तू हे एका ओळीत उरकलंस. तिथे थांब. माणसांचं मरण शोभेची वस्तू कसं होतं, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

२०११चा ‘तुर्क पासापोर्तु’ जास्त अवघड आहे, कारण तो मनाला भिडतो. मार्सेलच्या स्टेशनात गुरांच्या डब्यांत कोंबलेल्या ज्यूंबरोबर नेजदेत केन्त हा तुर्की अधिकारी स्वतः गाडीत चढतो आणि त्यांना सोडवूनच उतरतो. अंगावर काटा येतो. पण या प्रसंगाला केन्त यांच्या स्वतःच्या सांगण्यापलीकडे भक्कम पुरावा मिळालेला नाही. उलट ऱ्होड्स बेटावरचे तुर्की वाणिज्यदूत सेलाहत्तीन उल्कुमेन यांनी १९४४मध्ये पन्नासच्या आसपास ज्यूंना वाचवलं, ते साक्षीपुराव्यानिशी सिद्ध आहे. याद वाशेम या इस्रायलमधल्या ज्यू-संहाराच्या स्मारकसंस्थेने त्यांचा गौरवही केला. दोघांना एकाच वाक्यात बसवू नकोस. उल्कुमेन यांच्यावर तो अन्याय होईल.

आता ‘स्त्रुमा’ जहाज. रोमानियातून निघालेले साडेसातशेहून अधिक ज्यू निर्वासित सुमारे दहा आठवडे इस्तंबुलसमोर अडकून पडले. ब्रिटिश त्यांना पॅलेस्टाइनला जाऊ देईनात, तुर्की सरकार उतरू देईना. २३ फेब्रुवारी १९४२ला इंजिन बंद असलेलं ते जहाज काळ्या समुद्रात ओढत नेऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत पाणबुडीने ते बुडवलं. एकच माणूस वाचला. सुटकेच्या चित्रपटांशेजारी ही घटना ठेवलीस, की तुझ्या टिपणाला कणा मिळेल.

त्याच वर्षी नोव्हेंबरात संपत्ती कर आला. बिगरमुस्लिमांवर तो कितीतरी पट जास्त लादला गेला. ज्यांना भरता आला नाही, त्यांची दुकानं लिलावात गेली आणि पुरुषांना पूर्व तुर्कस्तानातल्या आश्काले इथल्या श्रमछावणीत धाडलं. तोमरिस गिरितलिओग्लू यांच्या १९९९च्या ‘साल्कम हानमन तानेलेरी’ने हे थेट दाखवलं. सरकारी दूरचित्रवाणीवर तो लागला तेव्हा राष्ट्रवादी खवळले. माझ्या मते तुझ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा चित्रपट हाच, जरी नाझी त्याच्या केंद्रस्थानी नसले तरी.

आणखी एक. हिटलरचं आत्मचरित्र २००५मध्ये तुर्कस्तानात धडाक्याने खपलं. ‘हे लोक असेच’ असं लिहायचा मोह होईल. त्याआधी आपल्याकडच्या पुस्तकांच्या स्टॉलवर एकदा नजर टाक. तेच पुस्तक मराठीतही मिळतं, आणि विकत घेणारे आपलेच.

पुढचा खर्डा ‘स्त्रुमा’पासून सुरू कर. ‘चिचेरो’ नंतर येऊ दे. पंधरा तारखेपर्यंत पाठव.

तुझा,
सर