लॅपटॉप इंटेलचा, बोर्ड एआरएमचा: कर्नल बिल्डबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: सर नमस्कार, मी थर्ड इयर इलेक्ट्रॉनिक्सला आहे. प्रोजेक्टसाठी रास्पबेरी पाय ४ वर (एआरएम प्रोसेसरचा छोटा बोर्ड) लिनक्स कर्नलमधे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, एक ड्रायव्हर घालायचाय. बोर्डवरच बिल्ड लावला, रात्री जेवण झाल्यावर लावलेला सकाळी पण चालूच होता आणि तेवढ्यात आमच्या सेक्टरची लाइट गेली. आता लॅपटॉपवर करतेय तर जीसीसी (कंपायलर) म्हणतो '-एमलिटल-एन्डियन' हा ऑप्शन ओळखीचा नाही. जीसीसी काढून परत टाकला तरी तेच. काय बिघडलंय? (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर: काही बिघडलेलं नाहीये, जीसीसी परत टाकत बसू नकोस. तुझ्या लॅपटॉपचा जीसीसी एक्स८६ साठी, म्हणजे इंटेलसारख्या प्रोसेसरसाठी, कोड बनवतो, आणि तू मेकला (बिल्ड चालवणारा प्रोग्राम) आर्च=एआरएम६४ दिलंस, म्हणजे कुठल्या प्रोसेसरसाठी बनवायचं ते, ते बरोबरच दिलंस, पण क्रॉस_कंपाइल, म्हणजे त्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा कंपायलर कुठला ते, द्यायचं राहिलं, मग मेकने एआरएमचे ऑप्शन काढले आणि दिले कोणाला तर एक्स८६ च्या जीसीसीला, त्याला ते कुठून कळणार. उबुंटू किंवा डेबियन असेल तर क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-एआरएम६४ हे पॅकेज टाक (फ्लेक्स, बायसन, बीसी आणि लिबएसएसएल-डेव्ह पण लागतील) आणि मग क्रॉस_कंपाइल=एआर्च६४-लिनक्स-ग्नू- असं दे. शेवटचा डॅश विसरू नकोस. मेक त्या शब्दाला नुसतं पुढे जीसीसी, एलडी, ऑब्जकॉपी चिकटवतो, डॅश नसला की 'ग्नूजीसीसी' नावाचा प्रोग्राम शोधत बसतो आणि तो कुठेच नसतो.

आता बिल्ड सुरू झाला की पहिल्या मिनिटात स्क्रीनकडे नीट बघ. आधी होस्टसीसी लिहिलेल्या ओळी येतात, फिक्सडेप वगैरे, आणि मग सीसी लिहिलेल्या ओळींची रांग लागते. ह्या होस्टसीसीवाल्या ओळी तुझ्या लॅपटॉपच्याच जीसीसीने बनतात, कारण फिक्सडेप, मॉडपोस्ट ही अवजारं बिल्ड चालू असताना लॅपटॉपवर चालवायची असतात, बोर्डवर नाही. म्हणजे एकाच बिल्डमधे दोन कंपायलर काम करतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण बरेच जण वैतागून एआरएमच्या जीसीसीलाच 'जीसीसी' नाव देऊन मोकळे होतात, मग फिक्सडेपपण एआरएमचा बनतो, लॅपटॉप तो चालवू शकत नाही आणि 'एक्झेक फॉरमॅट एरर' येऊन सगळं थांबतं.

कॉन्फिगसाठी, म्हणजे कर्नलमधे काय काय घ्यायचं त्या यादीसाठी, रास्पबेरी पायच्या स्वतःच्या कर्नल सोर्समधलं बीसीएम२७११_डेफकॉन्फिग घे. आणि आर्च प्रत्येक वेळी द्यायचं, मेन्यूकॉन्फिगला (कॉन्फिगचे ऑप्शन निवडायचा मेन्यू) सुद्धा! महापेला नोकरीत असताना मी एकदा फक्त तिथे विसरलो, मेकने तेच कॉन्फिग एक्स८६ चं समजून वाचलं आणि बोर्डचे सगळे ऑप्शन उडवले, अख्खा दिवस गेला तेव्हा. बिल्ड झाल्यावर व्हीएमलिनक्सवर (बिल्डमधून निघालेली कर्नलची फाइल) 'फाइल' कमांड चालव, एआरएम एआर्च६४ दिसलं तरच कर्नल बोर्डच्या एसडी कार्डवर टाक.

प्रश्न: क्रॉस कंपाइल केलेला कर्नल बोर्डवर बूट होतोय पण वायफाय गायब. मॉडप्रोब (मॉड्यूल, म्हणजे कर्नलचे ड्रायव्हरसारखे सुटे भाग, लोड करणारी कमांड) म्हणतं मॉड्यूलच सापडत नाही. मॉड्यूल्स_इन्स्टॉल तर मी केलं होतं. (एक वाचक, कळवा)

उत्तर: केलंत, पण कुठे? लॅपटॉपवर /लिब/मॉड्यूल्स उघडून बघा, बहुतेक बोर्डची मॉड्यूल्स तिथेच जाऊन बसली असतील. इन्स्टॉल_मॉड_पाथ दिला नाही की ती चालू मशीनवरच जातात. कार्डचं दुसरं पार्टिशन माउंट करा आणि तोच पाथ द्या. अजून एक, आर्च आणि क्रॉस_कंपाइल एक्सपोर्ट करून ठेवलं असेल तर सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणारा) सहसा ते पुढे नेत नाही, म्हणून सगळं मेकच्या त्याच ओळीत लिहा. लॅपटॉपवरचा तो फोल्डर काढून टाका, पण आधी यूनेम -आर करून लॅपटॉपचा स्वतःचा कुठला ते बघा, तो चुकून उडवू नका.

प्रश्न: रिस्क-फाइव्ह (एआरएम, एक्स८६ सारखाच प्रोसेसरचा एक प्रकार) शिकायचंय, बोर्डला आत्ता पैसे नाहीत. विंडोज लॅपटॉपवर जमेल का? (एक वाचक, वाशी)

उत्तर: जमेल की! आणि शिकाच, आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे आपल्याकडचे प्रोसेसर रिस्क-फाइव्हच आहेत. मूळ लिनक्समधे एआरएम६४ २०१२ मधे ३.७ ला आलं, रिस्क-फाइव्ह २०१८ मधे ४.१५ ला, त्यामुळे सोर्स तोच, फक्त आर्च=रिस्कव्ही आणि कंपायलर रिस्कव्ही६४ चा. डब्ल्यूएसएल (विंडोजमधे लिनक्स चालवायची सोय) वापरा पण सोर्स सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या होम फोल्डरमधे ठेवा, कारण कर्नलमधे काही फाइल्सची नावं अगदी एकसारखी आहेत, एक कॅपिटलमधे एक स्मॉलमधे, विंडोजला त्या एकच वाटतात आणि एक फाइल दुसरीवर बसते.

बोर्डच्या जागी क्यूइम्यू (दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम), त्यातलं 'व्हर्ट' मशीन आणि तुमची इमेज, म्हणजे बनलेला कर्नल, बाकी काही लागत नाही. नोग्राफिक ठेवा आणि कन्सोल टीटीवायएस० द्या म्हणजे मेसेज त्याच खिडकीत दिसतील. शेवटी 'रूट फाइल सिस्टम माउंट होत नाही' म्हणून कर्नल पॅनिक आला तर घाबरू नका, रूट फाइल सिस्टम तुम्ही अजून दिलेलीच नाहीये, कर्नल मात्र तिथपर्यंत नीट पोचलाय.